ठिपकीचं फूल आणि वेलीचे पाय

बसलात सगळे? ज्याला मांडी हवी, त्याने मांडीवर यावं. बोट तोंडातून काढा. हं, आता ऐका.

एक होतं वाळवंट. इकडे वाळू. तिकडे वाळू. मध्ये एक घर आणि घराला एवढीशी बाग. त्या घरात राहायची यमूकाकू.

यमूकाकू आली होती कोकणातून. येताना तिने मधुमालतीच्या वेलीची फांदी आणली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, गाडीत मांडीवर ठेवून! बागेत लावली, तशी वेल सरसर भिंतीवर चढली. तिला एक कळी आली. एकच हं!

त्या कळीची वाट बघत होती ठिपकी. ठिपकी म्हणजे शिंजीर पक्षीण. अंगठ्याएवढी. चोच मात्र लांब, बाकदार. फुलातला मध पिते ती. तीन दिवस ती कळीपाशी बसून होती. आज फुलेल, उद्या फुलेल.

आणि काय झालं? टप्! कळी गळून पडली.

ठिपकीला रडूच आलं. सगळ्या वाळवंटात दुसरं फूल नव्हतं. ठिपकी वेलीला म्हणाली, “मधुताई, मधुताई, मला दुसरं फूल दे ना!”

वेल म्हणाली, “मी नाही बाई देत! वाळू तापली, माझे पाय भाजले. आधी पायांवर सावली घाल, मग फूल देते.”

ठिपकी निघाली. भिर् भिर् भिर्, टुच्च! बसली खजुराच्या झाडावर.

“खजूरआजोबा, खजूरआजोबा, वाळकी झावळी द्या ना! वेलीच्या पायांवर घालते.”

खजूर म्हणाला, “कशाला गं?”

ठिपकी म्हणाली,
“वेलीचे पाय भाजले,
वेल फूल देईना,
सांगा, मला मध देईल कोण?”

खजूर म्हणाला, “मी नाही बाई देत! झावळी गच्च अडकलीय. आधी उंटाला ओढू दे, मग सोडतो.”

भिर् भिर् भिर्, टुच्च! बसली उंटाच्या पाठीवर. उंट आपला रवंथ करत होता. कचर मचर, कचर मचर.

“उंटदादा, उंटदादा, झावळी ओढ ना!”

“कशाला गं?”

“खजूर झावळी सोडीना,
वेलीचे पाय भाजले,
वेल फूल देईना,
सांगा, मला मध देईल कोण?”

उंट म्हणाला, “मी नाही बाई ओढत! घसा सुकला. आधी गार पाणी दे, मग ओढतो.” असं म्हणून त्याने डोळेच मिटले. आळशी कुठला!

भिर् भिर् भिर्, टुच्च! बसली रांजणाच्या काठावर. रांजण हा एवढा मोठा. पोट तर पुढाऱ्यासारखं सुटलेलं.

“रांजणमामा, रांजणमामा, गार पाणी द्या ना!”

“कशाला गं?”

“उंट झावळी ओढीना,
खजूर झावळी सोडीना,
वेलीचे पाय भाजले,
वेल फूल देईना,
सांगा, मला मध देईल कोण?”

रांजण म्हणाला, “मी नाही बाई देत! उन्हाने माझं पोट तापलं. आधी ओलं फडकं गुंडाळ, मग पाणी गार करतो.”

भिर् भिर् भिर्, टुच्च! बसली दोरीवर. दोरीवर फडकं वाळत होतं. फडफड, फडफड.

“फडकूताई, फडकूताई, रांजणाला गुंडाळून बस ना!”

“कशाला गं?”

“रांजण पाणी गार करीना,
उंट झावळी ओढीना,
खजूर झावळी सोडीना,
वेलीचे पाय भाजले,
वेल फूल देईना,
सांगा, मला मध देईल कोण?”

फडकं म्हणालं, “मी नाही बाई बसत! बघ ना, पापडासारखी झालेय. आधी काकूला भिजवू दे, मग बसते.”

आता काकू कुठे? काकू बसली होती दाराच्या पायरीवर. गाल फुगवून. होय, मोठी माणसंसुद्धा गाल फुगवतात!

भिर् भिर् भिर्, टुच्च! ठिपकी बसली काकूच्या गुडघ्यावर.

“काकू, काकू, फडकं भिजव ना!”

काकू म्हणाली, “मी नाही गो उठत! माझी वेल माझ्यावर रुसली. रोज भर दुपारी पाणी घालते तिला. ऊन लागतं ना बिचारीला! तरी कळी टाकली गो तिने. आधी वेलीला फूल येऊ दे, मग उठते.”

अरे देवा! आता आली का पंचाईत? वेल म्हणे आधी सावली, आणि काकू म्हणे आधी फूल. ठिपकीला राग आला. एवढुशी ठिपकी, पण राग हत्तीएवढा! पिसं फुगवून ती ओरडलीच,

“फडकं ओलं होईना,
रांजण पाणी गार करीना,
उंट झावळी ओढीना,
खजूर झावळी सोडीना,
वेलीचे पाय भाजले,
वेल फूल देईना,
सांगा, मला मध देईल कोण?”

काकू म्हणाली, “थांब थांब थांब! काय म्हणालीस? वेलीचे काय झाले?”

आता तुम्हीच सांगा तिला. जोरात! वेलीचे काय झाले?

“पाय भाजले!”

काकू ताडकन उठली. धावत पाइपपाशी गेली. पाइप सकाळपासून उन्हात पडला होता. काकूने नळ सोडला, धारेखाली बोट धरलं.

“आई आई गं!” काकूने बोट झटकन तोंडात घातलं. पाणी चहासारखं कढत!

“अगो बाय माझी,” काकू वेलीला म्हणाली, “आमच्या कोकणात पाइपचं पाणी थंडगार. मी इथेही तसंच घालत गेले. बोट लावून बघितलंच नाही! रोज कढत पाणी ओतलं मी तुझ्या पायांवर!” काकूचे डोळे भरले. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि लागली कामाला.

काकूने फडकं भिजवलं. चुबुक चुबुक!
फडकं रांजणाला गुंडाळून बसलं. घट्ट घट्ट!
वारा आला, रांजणाने पाणी गार केलं. गारेगार!
उंट पाणी प्याला. घटक घटक घटक!
उंटाने झावळी ओढली. खर्रर्र!
खजुराने झावळी सोडली. धप्प!
झावळी वेलीच्या पायांवर पसरली. हुश्श!

ऊन उतरल्यावर काकूने वेलीला पाणी घातलं. रांजणातलं गार, तांब्याने, हळूहळू. आणि घालायच्या आधी बोट बुडवून बघितलं बरं का! वेलीचे पाय निवले.

मग फूल आलं का? लगेच कुठलं! वेल आहे ती, जादूचा पेटारा नाही. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. हाताची बोटं मोजून संपली, मग पायांची मोजली. ठिपकीने तोपर्यंत किडे खाल्ले. तोंड वाकडं केलं, पण खाल्ले.

मग कळी आली, आणि एका संध्याकाळी ती उमलली! पांढरीशुभ्र. सकाळपर्यंत तिचे गाल गुलाबी झाले होते.

सकाळी काकू आंघोळ करून आली. हातात फुलांची परडी. पहिलं फूल देवाला, ही तिच्या घरची रीत. काकूने फुलाकडे हात नेला.

ठिपकी तिथेच फांदीवर बसली होती. नुसती बघत राहिली.

काकूचा हात थांबला. तिने ठिपकीकडे बघितलं. मग फुलाकडे बघितलं. मग वर आभाळाकडे बघून म्हणाली, “देवा, तू मोठा आहेस. तू उद्यापर्यंत थांबशील. ही लहान आहे रे.”

आणि काकूने हात मागे घेतला.

ठिपकीने चोच फुलात घातली. चुर्र चुर्र चुर्र! गोड गोड मध!

ठिपकीचं पोट भरलं. आपले कान भरले. चला, आता पाणी प्या!