सातविणीची राई

ऐका हो, लहानांनो आणि थोरांनो! जुन्या, फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. एका वर्षी तिथे हिवतापाची साथ आली. घरोघरी माणसं घोंगड्या पांघरून कुडकुडू लागली.

त्या राज्यात भानुमती नावाची तरुण वैद्यीण होती. तिची आईच तापानं फणफणली होती. नाना काढे दिले, पण गुण येईना. शेवटी भानुमतीनं सातविणीच्या झाडाची साल उकळली. काढा कडूजहर! पण आईला दरदरून घाम फुटला, ताप उतरला. आई म्हणाली, "भानू, भूक लागली गं!"

भानुमती नाचायचीच बाकी राहिली. "औषध सापडलं! सातविणीची साल!" असं ओरडत ती गावभर धावली.

राज्यात सातविणीची राई एकच. बातमी कळताच सेनापती शिपाई घेऊन तिथे पोचला. "खोडं बुंध्यापासून सोला! एक ढलपी ठेवू नका!"

भानुमती धापा टाकत आली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. "थांबा! चहूबाजूंनी साल काढली तर झाड उभ्या उभ्या वाळेल."

"वैद्यबाई, झाडं मोठी की माणसं? माझा लेक तापात बरळतोय!"

आईचा तापलेला हात तिनंही धरला होता. हताश होऊन तिनं वर पाहिलं. डोक्यावर फांद्यांची दाटी झाली होती. तिचे डोळे चमकले.

"अहो, साल फांद्यांनाही असतेच की! फांद्या छाटा. त्या पुन्हा फुटतील."

"आणि फांदीच्या सालीनं गुण आला नाही तर?"

"पहिला काढा तुमच्या लेकाला देते. दिवस मावळेपर्यंत उतार पडला नाही, तर मी बाजूला होईन."

सेनापतीनं कुऱ्हाड खाली ठेवली.

फांदीची साल कोवळी, म्हणून भानुमतीनं ती जास्त घेतली आणि काढा चांगला आटवला. पोरानं तोंड वेडंवाकडं करत तो गिळला. ती उशाशी बसून राहिली. उन्हं कलली, आणि सेनापती लहान मुलासारखा ओरडला, "घाम फुटला! माझ्या पोराला घाम फुटला!"

मग काय विचारता! अख्खं गाव राईत लोटलं. कुणी झाडावर चढलं, कुणी साल सोलली, कुणी चुली पेटवल्या. प्रत्येक झाडाच्या मोजक्याच फांद्या छाटल्या, शेंडा कुणाचाच बोडका केला नाही. घराघरातून ताप पळाला.

पुढच्या वर्षी साथ परत आली. तोवर छाटलेल्या जागी नवे धुमारे तरारले होते, बाकीच्या फांद्या होत्याच. औषध सगळ्यांना पुरलं. शेजारच्या राज्यानं मात्र औषधाची बातमी ऐकून आपली झाडं बुंध्यापासून सोलली होती. तिथे वाळके सांगाडे उभे होते. तिथली माणसं हात जोडून आली. भानुमतीनं त्यांना साल दिली, सातविणीची रोपं दिली आणि छाटणीची रीतही शिकवली.

तात्पर्य: झाडाकडून घ्यावं जरूर, पण त्याला पुन्हा देता येईल इतकं त्याच्यापाशी राखून ठेवावं.