चुलीशेजारचं निवडुंग

“सांगून सांगून माझा घसा सुकला, पण माझं खरं मानणारा शपथेलाही सापडत नाही!” एका डोंगरगावात धुरपदा नावाची एक बाई होती, ती उठता-बसता हेच म्हणायची. गाव हसायचं. पण बाई खोटं बोलत नव्हती. तिचं खरंच कुणी मानत नव्हतं.

धुरपदा म्हणजे केरोबा पाटलांची थोरली सून. तोंडाची फटकळ, कामाला वाघीण. घरची चूल तिच्या ताब्यात होती.

त्या मुलखाची राणी दर चैत्रात माहेरी जाताना या गावात थांबायची. एका वर्षी तिनं पालखीतून एक कुंडी उतरवली. कुंडीत वाटीएवढं गोल, काटेरी निवडुंग होतं. आईनं लेकीला दिलेलं. आता आई राहिली नव्हती, आणि राजवाड्यात त्याला एकदाही फूल आलं नव्हतं.

“पाटील,” राणी म्हणाली, “आईच्या अंगणात हे दर चैत्रात फुलायचं. तुमच्या गावची हवा थंड आहे, ती याला लागू द्या. एकदा फुललेलं मला बघायचंय.”

केरोबांनी मान लववली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “राणीसाहेब, आजपासून हा आमचा पाहुणा!”

तिथंच घोळ झाला. त्या गावात पाहुण्याची एक रीत होती. पाहुण्याला चुलीजवळचा पाट, कढत पाणी आणि घरातली सगळ्यात जाड घोंगडी. यात कसूर झाली, की त्या घराची अब्रू गेली म्हणून समजा.

थंडी पडली. केरोबांनी कुंडी चुलीशेजारी पाटावर मांडली. भोवती घोंगडी गुंडाळली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी सुरू केलं. लोक पाहुण्याला बघायला यायचे आणि केरोबा मिशीवरून हात फिरवायचे.

धुरपदा म्हणाली, “मामंजी, राणीसाहेबांनी हवा लागू द्या म्हणून सांगितलं. इथं तर नुसता धूर लागतोय.”

“तू भाकरी थाप.”

निवडुंग उंच झालं. मुळात गोल होतं, ते काकडीसारखं लांबलं, फिकट पडलं. “बघा, किती वाढलं!” केरोबा म्हणाले.

“ही वाढ नाही मामंजी, ही सूज आहे.”

चैत्र आला. फूल नाही. पुढच्या हिवाळ्यात केरोबांनी चुलीत दुप्पट लाकडं घालायला लावली. निवडुंग बुडाशी पिवळं पडलं. पुन्हा चैत्र आला, राणी आली, आणि कुंडीकडे बघून तिचे डोळे भरले. केरोबांना घाम फुटला. भर चावडीवर ते म्हणाले, “आमच्याकडून काही कमी नाही, राणीसाहेब. चूल थोरल्या सुनेकडे आहे. तिचा हातच वाईट!”

गावानं लगेच माना डोलावल्या. धाकटी जाऊ म्हणाली, “तरी मी म्हणतच होते.” राणी पालखीत बसून निघून गेली.

पालखी दिसेनाशी झाली तसे केरोबा सुनेकडे वळले. “आणखी एक हिवाळा. फूल आलं नाही, तर भावाकडे जाऊन राहा. मग ही चूल तुझी नाही.”

धुरपदानं पदर खोचला. “कबूल. पण कुंडी माझ्या ताब्यात. कुणी बोट लावायचं नाही. मेलं, तर मी गाठोडं बांधते. फुललं, तर इतके दिवस ते कुणामुळे फुललं नाही, हे तुम्ही राणीसाहेबांपुढे तुमच्या तोंडानं सांगायचं. नावानिशी!”

केरोबा हसले. “सांगतो की!”

धुरपदानं निवडुंगाला रोज सकाळचं ऊन दाखवलं. पावसाळ्यात आडोशाला ठेवलं. त्याचा रंग परतला. थंडी पडली, तशी तिनं कुंडी ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवली. दिवसा तिथं ऊन यायचं, वारा यायचा नाही. पाणी बंद. रोज दिवेलागणीला ती एक हात माठावर ठेवायची, एक कुंडीवर. कुंडी माठाइतकी गार असली, की ठीक. दव गोठेल असा गारठा वाटला, तर वरून कोंबड्यांचं डालगं उपडं घालायची आणि उजाडताच काढायची.

“पाहुणा ओसरीवर आणि तू घरात? लाज नाही वाटत?” शेजारीण म्हणाली.

“पाहुण्यालाच विचार ना, चुलीत जायचंय का म्हणून! अगं, राणीच्या पालखीचे भोई काय सांगत होते? राणीसाहेबांच्या माहेरी दिवसा भाजतं आणि रात्री दात वाजतात. तिथं निवडुंगाला कोण घोंगडी घालतं?”

शेजारणीला पटलं नाही. निवडुंग आक्रसलं, सुरकुतलं. वठल्यासारखंच दिसायला लागलं. गाठोड्याचं फडकं धुरपदानं धुऊन ठेवलं. पण कुंडी हलवली नाही.

एका सकाळी ओसरीचा कोपरा रिकामा होता. धुरपदा धावत आत गेली. कुंडी चुलीजवळ, अंगावर घोंगडी, आणि केरोबा कढत पाण्याची लोटी घेऊन वाकलेले.

“मामंजी!”

केरोबा दचकले. “अगं, मरतंय ते! सगळी पंचक्रोशी म्हणतेय, पाटलांनी पाहुणा गारठवला. मी तोंड कुठं दाखवू?”

“तुम्हाला फूल हवंय का मान हवाय?”

धुरपदानं लोटी हिसकली आणि त्यांच्या अंघोळीच्या घंगाळात ओतली. “हे तुम्ही घ्या. थंडी तुम्हाला वाजतेय, त्याला नाही.”

आणि कुंडी उचलून पुन्हा ओसरीवर.

फाल्गुनात ऊन चढलं. धुरपदानं जरासं पाणी दिलं. निवडुंग टुमटुमीत झालं. मग त्याच्या डोक्यावर लोकरीसारखे बारके गोंडे दिसले. धुरपदानं गाठोड्याचं ते फडकं घेतलं आणि भाकरीच्या टोपलीत अंथरलं.

चैत्रात पालखी वेशीत आली, त्याच सकाळी फूल उमललं. गुलाबी, लखलखीत, निवडुंगापेक्षा मोठं! गाव लोटलं. कुणीतरी हलगी घेऊन आला. राणी ओसरीवर मातीतच बसली, आणि हसली, आणि रडली.

“आईच्या अंगणातलंच आहे,” ती म्हणाली. “मग आजवर का नाही फुललं?”

सवयीनं सगळ्यांनी धुरपदाकडे बघितलं. धुरपदानं केरोबांकडे बघितलं.

“त्याचं असं आहे राणीसाहेब,” केरोबा खाकरले, “यंदाची हवाच जरा...”

“नावानिशी, मामंजी!”

केरोबांनी पागोटं काढून हातात घेतलं. नाव सांगितलं. अगदी हळू सांगितलं.

“मागं ऐकू गेलं नाही,” धुरपदा म्हणाली.

मग त्यांनी असं सांगितलं, की हलगीवाला वाजवायचा थांबला. राणीनं कुंडी धुरपदाच्याच हवाली केली. चूलही तिचीच राहिली.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला काय सोसतं ते आधी बघावं; आपला मान मिरवायला कुणावर ऊब लादू नये. लादलीच आणि जीव कोमेजला, तर चूल सांभाळणारीला बोल लावू नये, खरं नाव घ्यावं: केरोबा पाटील.