साळुंकी वकीलबाईंची आरोळी

पाखरांचं कोर्ट वडाखाली भरायचं, तेव्हाची गोष्ट. साळुंकी वकीलबाई फांदीवरून सारखी ओरडायची, "या गं बायांनो! कुणाचाही खटला आणा, जिंकलाच समजा!"

सुगरण रडत आली. "बाई, मुनिया माझ्या घरट्यात घुसलीय. आत माझी अंडी आहेत."

"जिंकलीस, जा!"

दुपारी मुनिया आली. "बाई, सुगरण मला घरट्यातून हाकलतेय."

"तूही जिंकलीस!" समोर कोण, हे विचारायला बयेला सवड कुठली?

कोर्टात न्यायाधीश घुबडानं विचारलं, "साळुंकीबाई कुणाकडून?"

"माझ्याकडून!" दोघी एकदम ओरडल्या. अख्खा वड हसला.

सुगरण मग स्वतःच पुढे झाली. "हिला म्हणावं, एक काडी विणून दाखव." मुनियाला येईना. घरटं सुगरणीला मिळालं.

दुसऱ्या दिवशी चिमणी खटला घेऊन आली, तशी साळुंकी हळूच म्हणाली, "आधी सांग बाई, भांडण कुणाशी?"