केवड्याच्या वासाचा रथ

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा घाटांत वाटा होत्या, पण वाटांना नावं पडली नव्हती.

त्या काळी एका राज्यात तेलावर चालणारे रथ होते. हसू नका, होते! ना घोडा, ना बैल. पोटात करंजाचं तेल ओतायचं, कळ फिरवायची, की रथ घुमायला लागे आणि मागून धूर सोडत चढ चढून जाई. साध्या रथाची दोनच चाकं ओढत, उरलेली दोन नुसती मागून फरफटत येत. पण अस्सल राजेशाही रथाची चारही चाकं ओढत. तो चिखलात रुतत नसे, ओढ्यात अडत नसे. तसा रथ राजेरजवाड्यांनाच परवडे. बाकीच्यांनी त्यांना कंटाळा येण्याची वाट बघायची आणि मग वापरलेला घ्यायचा.

त्या राज्यात गुळाचा एक व्यापारी होता. माणूस मोठा पारखी. बैल घ्यायचा तर आधी जबडा उघडून दात बघे, खूर उचलून बघे, वशिंडावरून हात फिरवे, ओल्या रानात औताला लावून चालवून बघे. एवढं करूनही म्हणे, "उद्या सकाळी पुन्हा येतो. बसलेला बैल उठतो कसा, ते पाहायचंय." विकणारे दातओठ खात. पण त्याच्या गोठ्यात लंगडा बैल कधी आला नाही.

त्याची एकुलती एक लेक आवडी घाटापलीकडे दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तिथली रीत. तिला खरं तर सातव्यातच आणायची. पण वाटेत नदी आणि घाट, बैलगाडीचे हादरे पोटुशी पोरीला सोसायचे कसे? आणि खरं सांगायचं तर बापाच्या मनात आणखी एक किडा वळवळत होता. व्याही तालेवार. त्यांच्या दारात गाडीबैल घेऊन कसं जायचं? मनासारखं वाहन मिळेना, त्यात दिवस भरत आले. बापाला घास गोड लागेना.

नगराच्या वेशीबाहेर एक जण जुने रथ विकत असे. व्यापारी एका सकाळी आपली बैलजोडी गाडीला जुंपून तिथं गेला. अंगणात रथ उभा होता, आणि तो आधीच घुमत होता. निळ्या मखमलीच्या बैठका, चांदीची कडी, हाकणाऱ्याला मागचं दिसावं म्हणून समोर लावलेला आरसा. आत केवड्याचा असा घमघमाट, की डोकं भणभणावं.

"तापवून ठेवलाय होय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"तुम्ही येणार म्हणून, शेठ. पाहुण्याला कुणी गार दूध देतं का?"

"ओढतात का चारही चाकं?"

"राजाघरचा रथ आहे. विचारताय काय!"

व्यापारी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकू लागला. रथाचं पोट बघावं, असं त्याच्या मनात आलं होतं. तेवढ्यात विकणाऱ्यानं टाळी वाजवली. आतून पूजेचं ताट आलं. बघता बघता चाकांना हळदकुंकू लागलं, माळ चढली, पुढं लिंबू-मिरची लटकली, आणि व्यापाऱ्याच्या हातात नारळ आला.

"मुहूर्त टळतोय शेठ. फोडा."

आता त्या राज्याची एक रीत होती. एकदा पूजा झाली की त्या वस्तूत खोट काढायची नाही. शुभकार्यात शंका म्हणजे अपशकुन! त्यातून लेकीला आणायचं काम. व्यापारी सरळ उभा राहिला आणि त्यानं नारळ फोडला. नारळाचं पाणी सांडलं आणि उताराच्या उलट वाहत रथाखाली गेलं. ते त्यानं पाहिलं. पण नजर दुसरीकडे वळवली.

"बोला, किंमत काय?"

"मोहरा नकोत. तुमची बैलजोडी द्या, झालं."

इतका स्वस्त! व्यापारी मनातल्या मनात हसला. विकणाऱ्यानं मात्र बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, खांदे दाबदाबून पाहिले, आणि मगच मान हलवली.

जोडीत कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या होता. दावं सोडताना त्यानं मान वळवली. बैल आयुष्यात एकदाच बोलतो म्हणतात, तो त्या दिवशी बोलला.

"मालक, मला घेताना तुम्ही पहाटे उठून पुन्हा आला होतात. याला का नाही पाहिलंत?"

"पूजा झाली रे आता."

"पोळ्याला पूजा माझीही होते. पण त्याआधी तुम्ही मला पाहिलं होतंत."

व्यापाऱ्यानं कासरा विकणाऱ्याच्या हाती दिला आणि रथात चढला.

रथ झोकात निघाला. नदीला घोटाभर पाणी होतं. मध्यावर रथ जरासा थबकला, कुणाची चाहूल घ्यावी तसा, आणि पुढं सरकला. मग घाटही सहज चढला. व्याह्यांच्या दारी सगळी आळी जमली. बापाची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. गारठलेला रथ सुरूच होईना. कळ फिरवली की दम्याच्या म्हाताऱ्यासारखा खोकायचा, पांढरा धूर सोडायचा, आणि मागून पाणी ठिबकायचं. तेल पिणाऱ्या रथातून पाणी! व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "जागा नवी आहे ना त्याला," व्यापारी ओशाळून म्हणाला. ऊन कलल्यावर रथ एकदाचा घुमू लागला. आवडीची ओटी भरून झालीच होती. ती मागं बसली आणि ते निघाले.

घाट उतरताना ती म्हणाली, "आबा, ही बैठक ओली लागतेय."

"केवड्याचं पाणी शिंपडलंय, पोरी."

थोड्या वेळानं मागून बोलणं ऐकू आलं. एक आवाज आवडीचा. दुसरा कुणाचा, ते कळेना. व्यापाऱ्यानं आरशात पाहिलं. आरशात दोघी बसल्या होत्या. आवडी, आणि तिच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक पोटुशी बाई. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. त्यानं गर्रकन मागं पाहिलं. आवडी एकटीच होती, पण ती अंग चोरून एका कडेला बसली होती.

"अशी का बसलीस गं?"

"ही म्हणतेय, जरा सरक बाई, मलाही माहेरी जायचंय."

व्यापाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण फोडलेला नारळ काही सांधता येत नाही. "रामाचं नाव घे," एवढंच तो म्हणाला आणि रथ तसाच हाकत राहिला.

आवडी मात्र वाकली. तिनं पायाखालचा गालिचा उचलला. खाली नदीचा काळा गाळ होता, आणि गाळात हिरव्या बांगड्यांच्या काचा. तिनं मखमलीची कड सोलली. आतल्या लाकडावर पाणी चढल्याची रेघ होती, बसलेल्या बाईच्या गळ्याइतक्या उंचीवर.

"आबा, हा रथ बुडालेला आहे!"

"अशुभ बोलू नकोस. पूजा झालीय त्याची."

"पूजा वरून झालीय. खाली कुणी बघितलं?"

समोर नदी आली. घाटमाथ्यावर पाऊस झाला असावा, पाणी गढूळ आणि मांडीभर झालं होतं. दिवस मावळायला आला होता.

"आबा, मला उतरवा. तीच सांगतेय, उतर म्हणून. म्हणते, मी उतरले नव्हते."

व्यापाऱ्यानं रथ थांबवला. आवडी उतरली आणि नावाड्याच्या खोपीपाशी जाऊन बसली. इथंच शहाणपण पुरतं यायला हवं होतं. पण आपल्या पारखीचा मान मोठा! "तू बघच," तो म्हणाला, "रिकामा पलीकडे नेऊन दाखवतो. चारही चाकं ओढतात याची." आणि त्यानं रथ पाण्यात घातला.

मध्यावर रथ रुतला. पुढची चाकं गरगरली, मागची जागची हलेनात. ती कधीच ओढत नव्हती. अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर ते कळणार कसं? व्यापाऱ्यानं कळ पिळली, देव आठवले. रथ हळूहळू वळला. आणि मग चारही चाकं एकदम ओढायला लागली. डोहाकडे.

त्यानं उडी टाकली. टाकता टाकता आरशात दिसलं. हिरव्या लुगड्यातली बाई शांत बसली होती, आणि शेजारी कुणासाठी तरी जागा करत होती.

तो कसाबसा काठाला लागला. भेदरलेल्या आवडीला तिथंच कळा सुरू झाल्या होत्या. नावाड्याच्या बायकोनं तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली. ना सासरी, ना माहेरी, नदीकाठच्या ओल्या खोपीत. घरी आईनं बांधलेला पाळणा रिकामाच हलत राहिला. मायलेकी कशाबशा जगल्या. पण आवडी पुढं जन्मभर कुठंही बसली की शेजारी एका माणसाची जागा सोडून बसायची.

लेक आणि नात सुखरूप घरी पोचल्यावर व्यापारी तणतणत विकणाऱ्याकडे गेला. त्यानं अंगणात पाऊल टाकलं.

रथ तिथंच उभा होता. तापलेला, घुमत. मखमल आता लाल होती. केवड्याचा घमघमाट होता. गोठ्यात चांद्या उभा होता, गळ्यापर्यंत गाळ वाळलेला, खांदा दोरानं सोललेला. तेव्हा व्यापाऱ्याला कळलं, की या माणसाला मोहरा नको, बैल का हवे होते. बुडालेलं वर काढायला बैलच लागतात.

रथापुढं दुसराच एक बाप उभा होता. त्याच्या हातात नारळ होता.

"थांबा!" व्यापारी ओरडला. "आधी खाली वाकून बघा."

तो बाप चिडला. "लेकीला आणायला चाललोय. अपशकुन करू नका!"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. व्यापाऱ्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि पांढऱ्या अंगरख्यानिशी तो धुळीत आडवा झाला. सरपटत रथाखाली गेला आणि मूठभर गाळ घेऊन बाहेर आला. गाळ ओला होता. त्यात हिरवी काच होती. त्यानं ती मूठ त्या बापाच्या मोकळ्या तळहातावर रिकामी केली.

त्या बापानं अंगठ्यानं गाळातली काच चाचपली. मग नारळ तसाच खाली ठेवून, आपली गाडी घेऊन निघून गेला. व्यापाऱ्यानं गोठ्यात जाऊन चांद्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं दावं सोडलं. विकणाऱ्यानं अडवलं नाही. त्याची नजर आरशातल्या हिरव्या लुगड्यावर खिळली होती.

म्हणतात, त्याच संध्याकाळी तो रथ हाकणाऱ्यावाचून वेशीबाहेर पडला आणि नदीच्या वाटेला लागला. आता त्याला वर काढायला बैल नव्हते. वाटेवरच्या गुराख्यांना आत कुणी दिसलं नाही, नुसता केवड्याचा वास आला, आणि एक बाई जात्यावर म्हणावं तसं माहेरचं गाणं गुणगुणताना ऐकू आली.

तात्पर्य : ज्यावर आपलं माणूस बसवायचं, ते आधी गार असताना पाहावं, वाकून पाहावं, आणि नारळ मग फोडावा.