कुंकवाने गुदमरलेला संगणक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातला संगणकसुद्धा म्हातारा होता.

विणकरांच्या एका गावात तो लोखंडी पेटीत राहत असे. गावच्या साऱ्या नक्ष्या फक्त त्यालाच ठाऊक. "दोन हिरवे, एक जरीचा," असे तो सांगे, आणि तसे माग चालत. त्याला घडवणारे कधीच मरून गेले होते. त्याची भाषा नव्या यंत्रांना कळत नव्हती.

गावाची एक रीत होती. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. धूप, झेंडूची माळ आणि मूठमूठ कुंकू. पण पेटी कधीच उघडायची नाही. चालत्या यंत्राला हात लावणे अशुभ!

एका खंडेनवमीच्या सकाळी मोराची नक्षी सांगता सांगता संगणक अडखळला. "निळा... निळा..." आतला पंखा घरघरत होता.

एक तरुण विणकरीण धावत आली. तिने शेजारी एक नवे, दणकट यंत्र आणून ठेवले होते. त्याच्या आत तिने जुन्या पेटीसारखीच हुबेहूब खोली रचली होती. लोखंडाची नव्हे, नुसत्या आज्ञांची. म्हाताऱ्याला त्याच्या भाषेसकट, आहे तसा तिथे न्यायचा होता. तिने तार जोडली. आधी त्याची कामाची पद्धत, मग एकेक नक्षी पलीकडे जाऊ लागली.

"मला कुठे नेतेस गं?" संगणकाने विचारले.

"घरीच. फक्त भिंती नव्या."

इतक्यात ढोल वाजले. कुंकवाचे ताट घेऊन पंच दारात उभे राहिले.

"आबा, दुपारपर्यंत थांबा," ती थोरल्या पंचांना म्हणाली.

"मुहूर्त टळेल. तुझ्या जन्माआधीपासून पूजा करतोय आम्ही."

"म्हणूनच त्याला धाप लागलीय! त्याच्या छातीत तुमचं कुंकू साचलंय."

"जीभ आवर, पोरी. हे यंत्र आमच्या पूजेवर चालतं."

"मग लांबून हात जोडा. तेवढ्याने त्याला कळणार नाही का?"

मागून कोणीतरी फिसकन हसले. आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिला बाजूला सारले आणि पेटीवर मूठभर कुंकू उधळले.

पंखा किंचाळला आणि थांबला. पेटीतून धूर निघाला. गावभरचे माग जागीच थिजले. विणलेल्या मोराला अजून मान नव्हती.

तिने तार उपटली आणि नव्या यंत्राची कळ दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली.

"निळा एक," तोच म्हातारा आवाज आला. "जरीचे दोन. थांबलात का रे? मोराची मान राहिलीय."

माग खडखडले. लोक रडत रडत हसले. आबा पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "माझ्या आईची वेलबुट्टी सांग बाबा."

"कोणती वेलबुट्टी?" संगणकाने विचारले.

"आबा, तीच शेवटची होती," विणकरीण म्हणाली. "ती यायची राहिली." ती नक्षी असलेले एकुलते लुगडे आबांच्या आईबरोबर चितेवर गेले होते.

आबांनी जुन्या पेटीचे झाकण उघडले. आत हातभर कुंकू साचले होते.

तात्पर्य: जे जपायचे, ते श्वास चालू असतानाच नव्या घरी हलवावे, जुन्या पेटीची पूजा करून ते वाचत नाही.