शेवटची करवंटी पाखरांची

डोंगराच्या पल्याडच्या डोंगरावर एक चिमुकली वाडी होती. तिथे हौसा नावाची मुलगी राहायची, आणि ही गोष्ट सुरू होते तेव्हा ती फार म्हणजे फारच दमली होती. आई तापाने फणफणलेली, घरात पाण्याचा टिपूस नाही, आणि चैत्रातला झरा तो केवढासा! सकाळपासून करवंटीने पाणी भरभरून हौसाची बोटं सुजली, तरी कळशी अर्धीच. पेजेला, प्यायला, आईच्या कपाळावरच्या घडीला एवढंसं कुठे पुरणार?

वाडीची रीत अशी, की झऱ्यातली शेवटची करवंटी पाखरांची. नेमकी तेवढीच उरली होती. हौसा मटकन खाली बसली.

तोच करवंदीच्या जाळीत निळा-सोनेरी उजेड लुकलुकला. चाफेकळीएवढी इवलीशी परी बाहेर आली. पंख मोरपंखी, कपाळावर चांदणीची टिकली.

"एक इच्छा माग, बाळ. पण नियम ऐक. मी नवं काही घडवत नाही. इथलं उचलून तिथे ठेवते."

"माझी कळशी भरू दे."

"भरते. मग तुझ्या शेजारच्या गोदाआजीचा हंडा रिकामा होईल."

"नको गं बाई! आजीला डोंगर चढवत न्हाई."

"मग पाखरांचं पाणी ओतून घे. इथे कोण बघतंय?"

"मी बघतीया की," हौसा म्हणाली.

परी जरा जवळ आली. "बरं, तुझा थकवा नेऊ?"

हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती दिवसांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं! "कुनाला देशील?"

"तू सांगशील त्याला. त्या खारूताईलासुद्धा."

खारूताई शेपटी फुलवून फांदीवर नाचत होती. हौसाने तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "ऱ्हाऊ दे. माझा मलाच."

परी दगडावर टेकली. तिचे पंख मलूल झाले होते.

"तू बी दमलीस व्हय?"

"दिवसभर इथलं तिथे करते, बाळ. कुणाचं जाईल ते सांगते, तरी सगळे म्हणतात, चालेल."

हौसाने कळशीतून ओंजळभर पाणी काढलं. घसा तिचाही कोरडा पडला होता. "पी. आयेच्या वाटचं न्हवं, माझ्या वाटचं हाय."

परी प्यायली आणि झगमग हसली. "हे कुणाचं हिरावलेलं नाही. असं आपणहून दिलेलं मात्र मला वाढवता येतं!" झऱ्यावर सोनेरी, गुलाबी, केशरी उजेड सांडला. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. कळशी काठोकाठ भरलेली होती आणि झरा खळखळत होता.

भरलेली कळशी अर्धीपेक्षा जड! कशीबशी हौसा घरी पोचली. आई घटाघटा प्यायली, आणि बघता बघता तिचा ताप उतरला.

"दमलीस गं?"

रोज हौसा म्हणायची, "न्हाई गं." आज म्हणाली, "व्हय, आये."

आईने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागली. थकवा कुणालाच द्यायचा नाही, असं हौसाने ठरवलं होतं. आईने तो न मागताच घेतला.