ईस्टरचे कडे विहिरीत का टाकतात

वसईच्या पश्चिमेला नांदणपाड्यात क्रुसाजवळ एक विहीर आहे. तिच्याभोवती पुरुषभर उंचीची भिंत आहे, भिंतीत फाटकाची जागा आहे, फाटक नाही. ईस्टरच्या सकाळी त्या पाण्यात सोनचाफ्याचे गोल कडे तरंगत असते. "आजोबा, विहिरीत कचरा कशाला टाकता?" असे पाहुण्यांनी विचारले की म्हातारे इनास कोरिया उखडतात. "कचरा? बसा इथे. ऐका आधी."

असे सांगतात, की एका कोरड्या साली दुमिंग वाडीवाल्याने या विहिरीला भिंत घातली आणि फाटकाला कुलूप ठोकले. पाणी त्याच्या केळींना. माणसांनी खाडीपलीकडून घशापुरते आणावे. कोणी विचारलेच, तर म्हणे, "जागा कोणाची? माझी." झाले! विहीर गावाने मिळून खणली होती, हे तोंडावर बोलायची कोणाची छाती झाली नाही.

पाड्यातली कात्रीन मात्र नवसाने बांधलेली होती. तापाने फणफणलेला मुलगा वाचला, तर ईस्टरला स्वतः वळलेले कडे क्रुसाला वाहीन, असे ती बोलली होती. मुलगा वाचला. परसात चाफाही फुलला. पण फुले बांधायची केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, आणि सोपट भिजवल्याशिवाय वळत नाही. घरातल्या तांब्याभर पाण्यात ते भिजवायचे, तर पोराला काय पाजायचे? ती कोरडेच वळत राहिली. पीळ दिला की तुटे. गाठ मारली की तुटे. शनिवारी संध्याकाळी अर्धे झालेले कडे पुन्हा उसवले आणि तिचा संयम सुटला. तरातरा जाऊन तिने ते भिंतीवरून विहिरीत भिरकावले. "घे दुमिंग, तूच वाहा आता!"

सकाळी तिने फादरांना सरळ सांगून टाकले. नवसाचे कडे क्रुसावर आल्याशिवाय मिस्सा सुरू करणार नाही, फादर म्हणाले.

"मी काढतो. बाकी कोणी आत यायचं नाही," दुमिंग गुरगुरला आणि कुलूप काढून पायऱ्या उतरला.

"सावकाश हो, दुमिंगभाऊ," कात्रीन वरून म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

तो ओले कडे घेऊन वर आला, तेव्हा काठावर हंड्यांची रांग लागली होती आणि फाटक बिजागऱ्यांसकट नाहीसे झाले होते, म्हणे. भिजलेले सोपट कात्रीनने तिथेच, त्याच्यासमोर वळले. तुटले नाही.

कडे काढायला आजही दुमिंगच्याच घरातला माणूस उतरतो. हा आमचा मान, असे ते सांगतात. काठावरच्या बायका मात्र त्याला लवकर वर येऊ देत नाहीत. "नीट बघ रे, एखादी पाकळी राहिली असेल!"